विसर्जनाला मेरिल नेऊ नका: फोव्हिऑन कॅमेरा घेताना या चुका टाळा

गेल्या विसर्जनाच्या रात्री मी पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर सिग्मा कंपनीचा डीपी2 मेरिल हा फोव्हिऑन सेन्सरचा कॅमेरा घेऊन उभा होतो. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 1600. घरी येऊन फोटो उघडले, तर ताशेवाल्याच्या गालावर गुलाल कमी आणि हिरवे-जांभळे डागच जास्त. मित्र म्हणाला, "काय रे, सेन्सरला बुरशी लागली की काय?" कॅमेरा ठणठणीत होता, चूक माझी होती.

फोव्हिऑन सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, नेहमीच्या कॅमेऱ्यांसारखी रंगीत फिल्टरची जाळी नसते. सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश वरच शोषला जातो, हिरवा त्याखाली, लाल सगळ्यात खोल. म्हणून एकाखाली एक तीन थर. पण कुठल्याच थरात एकच रंग येत नाही, तो गणिताने वेगळा काढावा लागतो. उजेड कमी पडला की त्या गणितात नॉइजही (नको असलेले दाणे आणि डाग) फुगतो. मेरिल आयएसओ 100-200 वरच वापरा, फार तर 400. रात्रीचे फोटो बिघडलेच, तर सिग्मा फोटो प्रो या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये मोनोक्रोम (कृष्णधवल) करून बघा. डाग जातात, उरलेला ग्रेन फिल्मसारखा दिसतो. माझे त्या रात्रीचे चार फोटो असेच वाचले.

दुसरी चूक मेगापिक्सेलची. सिग्माचाच 2002 चा एसडी9 "10 मेगापिक्सेल" म्हणून गळ्यात मारतात, पण तीन थरांचे पिक्सेल एकत्र धरलेले असतात. फोटो निघतो 2268 × 1512 चा. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) छापला तर साडेसात इंच रुंद. शिवाय तो फक्त रॉ, म्हणजे कच्च्या फाइल्स काढतो. रंग मात्र गोड, अल्बमपुरता झकास. 2012 च्या मेरिलचा फोटो 4704 × 3136 चा. रविवारी सकाळी, बाजीराव रस्ता रिकामा असताना ट्रायपॉड लावून विश्रामबागवाड्याचा सागवानी दर्शनी भाग काढा. पूर्ण झूम केलं की लाकडाच्या शिरा आणि कोरीव कामात बसलेली धूळसुद्धा दिसते. साड्यांचे फोटो काढणाऱ्यांनीही हाच घ्यावा, बारीक विणीवर इतर कॅमेऱ्यांत दिसणारे इंद्रधनुषी पट्टे येत नाहीत.

सिग्माचा 2014 चा क्वाट्रो नवा, म्हणून सरस असं नाही. त्याचा वरचा थर सुमारे 20 मेगापिक्सेलचा, खालचे दोन जेमतेम पाच-पाचचे. नॉइज थोडा कमी, काम चटपटीत. पण रंगातला बारकावा मेरिलचाच जास्त, हे माझं मत. पर्वती चढायला क्वाट्रो न्या. दगड, लाकूड, कापडासाठी मेरिल.

सेकंडहँड सिग्मा एसडी14 घेतला आणि रंग भलतेच लालसर येतायत? माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आतली काच जागेवर आहे का ते आधी बघा. धूळ अडवणारी ती काचच इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असते, आणि इन्फ्रारेड फोटोंसाठी हौशी लोक ती काढून ठेवतात. घरातली कॅननची लेन्स या बॉडीवर बसत नाही, सिग्माच्या एसए माउंटचीच लागते.

डीपी मेरिलच्या खोक्यात कंपनी स्वतःच दोन बॅटऱ्या देते, त्यावरून काय ते समजा. एकीत शंभर फोटोही होत नाहीत. सिंहगडावर तीन तरी न्या.

आणि मेरिलची एक्स3एफ ही रॉ फाइल लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडली नाही, म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका! ती सिग्मा फोटो प्रोमध्ये उघडते, पण सावकाश. तोवर चहाचं आधण ठेवा.