जुन्या सहा सिलिंडर इंजिनाचे सीसी वाढवताय? या चुका टाळा

जुनं सहा सिलिंडर इंजिन स्टँडवर उघडं पडलं की पहिला मोह होतो तो पिस्टन मागवण्याचा. मापं काय, नंतर घेता येतील! माझ्या पहिल्या इंजिनाला मी हेच केलं. पिस्टन आले, आणि मग कळलं की ब्लॉकमध्ये तेवढं बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करायला, धातूच शिल्लक नाही. ते सहाही पिस्टन अजून माझ्या कपाटात आहेत. एकाचा पेपरवेट झालाय.

पाच मिनिटांचं गणित केलं असतं तर वाचलो असतो. मापं सेंटिमीटरमध्ये धरा: बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), गुणिले सहा. डॅटसनच्या एल२८ इंजिनाचं बोअर ८६ मिमी आणि स्ट्रोक ७९ मिमी, म्हणजे २,७५३ सीसी. बोअर १ मिमीने वाढवलं तर हाती येतात जेमतेम ६४ सीसी. त्याच घराण्यातल्या एलडी२८ डिझेल इंजिनाची ८३ मिमी स्ट्रोकची क्रँक (पिस्टनची चाल फिरकीत बदलणारा दांडा) घातली, तर बोअरला हात न लावता १३९ सीसी वाढतात. मोठी वाढ स्ट्रोकमधून येते. बोअर मारायचं ते मुख्यतः झिजून लंबगोल झालेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी.

बोअर मारायचंच असेल तर आधी भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजा. जुन्या ओतकामात आतला साचा थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एकाच सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते. त्यात पाण्याच्या बाजूने वर्षानुवर्षांचा गंज. एक सिलिंडर मोजून बाकीचे पाच तसेच असतील असं धरणं ही फार नेहमीची चूक आहे. सहाही मोजा, वर-मध्ये-खाली आणि चारही बाजूंनी. मागच्या सिलिंडरकडे जास्त लक्ष द्या, कारण पाण्याच्या वाटेतला गाळ बहुधा तिकडेच साचतो. जागेची अडचण कारखान्यांनाही आली आहे. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचं बोअर ३.४ लिटरमध्ये ८३ मिमी होतं, ३.८ मध्ये ते लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालून ८७ मिमी झालं. १९६४ मध्ये ४.२ साठी ९२ मिमी हवं झालं, तेव्हा सिलिंडरांच्या जागाच नव्याने आखाव्या लागल्या.

स्ट्रोक वाढवताना घात होतो तो पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडच्या लांबीपाशी. बीएमडब्ल्यूच्या एम२० इंजिनाचं उदाहरण घ्या. अडीच लिटरच्या इंजिनात स्ट्रोक ७५ आणि रॉड १३५ मिमी, २.७ मध्ये स्ट्रोक ८१ आणि रॉड १३०. अडीचच्या ब्लॉकमध्ये २.७ ची क्रँक आणि रॉड घातले आणि पिस्टन मात्र अडीचचेच ठेवले, की गंमत होते. अर्धा स्ट्रोक ३ मिमीने वाढला, रॉड ५ मिमीने आखूड झाला. पिस्टन वर आला तरी आधीपेक्षा २ मिमी खालीच थांबणार. ८४ मिमी बोअरमध्ये या २ मिमीची जागा होते ११ सीसी, आणि ८.८ चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८ च्या आसपास घसरतं. सीसी वाढले, खर्च झाला, आणि गाडी उचल घेईना! उलट पिस्टन मूळ उंचीलाच थांबेल अशी जोडणी केली आणि चेंबर तसंच ठेवलं, तर कॉम्प्रेशन ९.४ वर जातं. मग पेट्रोल आणि इग्निशन टायमिंग त्याला झेपणारं हवं, नाहीतर चढावर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याची टकटक) ऐकू येतं. म्हणून रॉड, अर्धा स्ट्रोक आणि पिस्टनची गजन पिनपासूनची (रॉडला जोडणाऱ्या पिनपासूनची) उंची, या तिन्हींची बेरीज क्रँकच्या मध्यापासून मोजलेल्या ब्लॉकच्या उंचीशी कागदावर जुळल्याशिवाय एकही पार्ट मागवू नये.

आता माझा आवडता विषय, लांबी. एका ओळीतले सहा सिलिंडर इतके मऊ चालतात की माणूस गाफील राहतो. पिस्टनचे धक्के एकमेकांना खोडतात हे खरं, पण लांब क्रँक प्रत्येक स्फोटाबरोबर दोरीसारखी पिळली जाते आणि सुटते. ठरावीक आरपीएमला हा पीळ साठत जातो. तो जिरवायचं काम पुढची डॅम्पर पुली करते. तिच्या दोन कड्यांमधलं रबर पन्नास वर्षांत दगड झालेलं असतं, आणि लोक काय करतात, तर तिला रंग मारून परत बसवतात. काही जण तर वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमची साधी पुली लावतात. लांब क्रँकच्या इंजिनावर हे करू नका. क्रँक तुटली की ती ब्लॉकलाही सोबत नेते. स्ट्रोक बदलला की पीळ साठण्याचा आरपीएमही सरकतो, त्यामुळे जुना डॅम्पर कसाबसा चालत होता हा पुरावा नव्या इंजिनाला लागू नाही.

रबर सुटलेल्या डॅम्परचं बाहेरचं कडं हळूहळू घसरतं आणि त्यावरची टायमिंगची खूण त्याच्याबरोबर जाते. टायमिंग लाइट दाखवते बरोबर, इंजिन मात्र तापतं किंवा नॉक करतं. अशा वेळी कार्ब्युरेटरशी खेळत बसू नका. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन डायल गेजने नेमका वर आणा आणि खूण तपासा.

लांबीचा दुसरा मार हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, बसतो. तापून वाकलेलं ओव्हरहेड कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वरच असलेलं) हेड खालून घासून सपाट केलं, तरी वरचा कॅमचा बोगदा वाकडाच राहतो. कॅम हाताने फिरत नसेल तर हेड आधी सरळ करून घ्या, मग घासा. जास्त घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेन सैल पडते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पिस्टनवर प्लॅस्टिसीन ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावं. इनलेटला २ मिमीच्या खाली आणि एक्झॉस्टला अडीचच्या खाली मी तरी जात नाही. हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचं भोकही नव्या बोअरपेक्षा मोठं हवं, नाहीतर कड आत डोकावून जळते.

‘सीसी वाढवले, पण वरच्या आरपीएमला दम नाही’ ही तक्रार बऱ्याचदा खरी असते, आणि इंजिन बिघडलेलं नसतं. हेड, कॅम, कार्ब्युरेटर तेच राहिले की मोठ्या सिलिंडरांना वर हवा पुरत नाही. टॉर्क खाली वाढतो, ताकदीचं टोक कमी आरपीएमला येतं. रोजच्या गाडीला ते चांगलंच, हट्टाने वर फिरवू नये एवढंच. ट्रायम्फच्या दोन लिटर सहा सिलिंडरचा स्ट्रोक ७६ मिमी, अडीच लिटरचा ९५. बोअर तेच. ६,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग दर सेकंदाला १५ मीटरवरून १९ वर जातो. जुन्या रॉड-बोल्टचा जीव काढायला तेवढं पुरे.

जोडणीतल्या बाकी गोष्टी थोडक्यात. क्रँक ग्राइंड झाल्यावर ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवा. नुसती हवा मारून आतला भुसा निघत नाही. बेअरिंगमधली फट जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या साधारण हजारावा भाग धरतात, ५० मिमीला ०.०५ मिमी. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोअरमध्ये सरकवून तोंडाची फट फीलर गेजने बघा. तापल्यावर तोंडं भिडली तर पिस्टन जाम होतो.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थांबत-थांबत फिरवा. सपाट टॅपेटचा (कॅमवर घासत चालणाऱ्या टॅपेटचा) नवा कॅम असेल तर सुरुवातीची वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास चालवा. आयडलिंगला ठेवून कौतुक बघत बसलात तर कॅम घासलाच. त्यानंतर रिंग बसायला भार लागतो, म्हणून रस्त्यावर काढा आणि गिअरमध्ये मध्यम थ्रॉटल देत-सोडत चालवा. काही शे किलोमीटरनंतरही निळा धूर येत असेल तर बघा तो कधी येतो: उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर आला तर संशय व्हॉल्व्ह गाइडचा, जोर लावताना आला तर रिंगचा.

पहिलं ऑइल लवकर काढा आणि फिल्टर फेकू नका. तो कापून कागद उलगडा. अगदी बारीक राखाडी कण रिंग बसतानाचे, ते चालतात. चुंबकाला चिकटणारे तुकडे बहुतेक कॅम-टॅपेटचे. चुंबकाला न चिकटणारी चकचकीत पापुद्री म्हणजे बेअरिंग. ती दिसली तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, संप (खालचं ऑइलचं भांडं) उतरवा आणि बिग एंड (रॉडची क्रँककडची टोकं) एकेक करून उघडा.