मोडलेल्या पलटणीच्या निष्ठेचा अभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पलटण मोडल्यावर सैनिकाची निष्ठा कुठे जाते, या प्रश्नावर काम सुरू करताना आधी ती पलटण नेमकी कशी संपली ते शोधावे. विसर्जनात माणसे विखुरतात. विलीनीकरणात जोडीदार शेजारीच राहतो, टोपीवरचा बिल्ला मात्र बदलतो. ही दोन दुखणी निराळी आहेत. स्कॉटलंडच्या कॅमरोनियन्स या पायदळ रेजिमेंटपुढे विलीनीकरणाचा पर्याय होता, तरी त्यांनी विसर्जन पत्करले. १४ मे १६८९ रोजी रेजिमेंट जिथे उभी राहिली त्या डग्लस गावीच, १४ मे १९६८ रोजी, पहिल्या बटालियनचा निरोपाचा सोहळा झाला. आपले नाव दुसऱ्या नावात मिसळण्यापेक्षा ते तिथेच थांबलेले बरे, असे मानणारी निष्ठाही असते.

म्हणून ‘निष्ठा’ हा एकच शब्द घेऊन चालत नाही. निदान चार धागे वेगळे काढावे लागतात : जोडीदारांशी असलेला, पलटणीच्या नावा-निशाणाशी असलेला, अधिकाऱ्याशी असलेला आणि सैन्याशी किंवा देशाशी असलेला. शिल्स आणि जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांविषयी मांडले की, लहान गटातला जिव्हाळा टिकतो तोवर सैनिक लढत राहतो. नवे अभ्यासक हेच सूत्र सगळीकडे लावतात आणि इथेच चुकतात. पलटण मोडल्यावर एक धागा तुटतो, दुसरा घट्ट होतो. कॅनडाच्या एअरबोर्न (छत्रीधारी) रेजिमेंटचे विसर्जन, तिच्या काही सैनिकांनी १९९३ मध्ये सोमालियात केलेल्या गुन्ह्यांनंतर, मार्च १९९५ मध्ये झाले. जिथे काहींच्या कृत्यांपायी सगळ्यांचे निशाण उतरते, तिथे जोडीदारांवरची माया आणि सरकारवरचा राग एकाच माणसात सापडू शकतात. दोन्ही नोंदवावेत, त्यांची सरासरी काढू नये.

मुलाखतीआधी कागद. चार हवेतच : विसर्जनाचा आदेश, शेवटच्या परेडची नोंद, त्या वेळची नामावली आणि कोण कुठे गेला हे सांगणारे बदल्यांचे आदेश. नामावली सर्वांत मोलाची, कारण माजी सैनिकांच्या मेळाव्यातूनच माणसे निवडली तर निष्ठा उतू जाताना दिसणारच. जे दुरावले ते मेळाव्याला येतच नाहीत. नामावलीतून दर पाचवा किंवा दहावा माणूस निवडून त्याचा माग काढावा. जो सापडला नाही किंवा बोलायला तयार झाला नाही, त्याचीही कारणासह नोंद ठेवावी.

गप्प बसलेल्याची निष्ठा संपली, असेही समजू नये. १२ जून १९२२ रोजी ब्रिटिश सैन्यातल्या, मोडल्या जाणाऱ्या पाच आयरिश पायदळ रेजिमेंटांनी आपली निशाणे विंडसरला राजाच्या स्वाधीन केली. त्यांचे कित्येक सैनिक नुकत्याच वेगळ्या झालेल्या आयर्लंडमध्ये परतले. जुन्या नोकरीविषयी उघड बोलणे तिथे अवघड होते. अशा ठिकाणी पेटीत जपलेली पदके आणि जोडीदारांची पत्रे माणसापेक्षा जास्त बोलतात. उलट १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. इथे मधल्या वीस वर्षांच्या आठवणीचा माग काढताना भरतीच्या मागण्या आणि अर्ज वाचावे लागतात, नुसत्या मुलाखती पुरत नाहीत.

मुलाखत एकेकट्याची घ्यावी. चारजण एकत्र बसले की वरच्या हुद्द्याचा माणूस बोलतो आणि बाकीचे मान हलवतात; निवृत्तीनंतरही हुद्दा खोलीत हजर असतो. एका बैठकीला ६० ते ९० मिनिटे पुरेत. ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करावे. एका तासाचे मुद्रण उतरवायला किमान पाच-सहा तास धरावेत, नाहीतर दहाव्या मुलाखतीपाशी काम तुंबते. मुलाखत कुठे वापरणार, नाव लपवायचे का, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

‘तुम्हाला अजून पलटणीचा अभिमान वाटतो का?’ हा प्रश्न कधीच विचारू नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी हातात धरता येतील असे प्रश्न विचारावेत. जुना बिल्ला कुठे आहे? नव्या पलटणीत पहिल्या दिवशी जेवायला कुणाशेजारी बसलात? तिथे ओळख करून देताना कोणते नाव सांगितले? जोडीदाराच्या घरी मृत्यू झाला तर निरोप कोण देतो? क्रियापदांकडेही कान हवा. ‘पलटण मोडली’, ‘बरखास्त केली’ आणि ‘आम्हाला वाटून टाकलं’ ही तीन वेगळी मते आहेत. उतरवताना ती ‘विसर्जन झाले’ अशी एकसारखी करून टाकणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

एखाद्याचा आवाज दाटला तर यंत्र बंद करून थांबावे, आणि पुढे जायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. सहा महिन्यांनी त्याच माणसाकडे पुन्हा जावे. पहिल्या खेपेला माणूस पलटणीचा इतिहास सांगतो. बदलीच्या गाडीत बसतानाचे बोलणे बहुधा दुसऱ्या खेपेला निघते.