आधी टेप, मग गप्पा: आपल्या जुन्या पंक सीनची नोंद कशी ठेवावी

आमच्या पंक बँडचा शेवटचा गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, पोलिसांनी बंद पाडला, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात दिवे गेले, आरडाओरडा झाला, दारात वर्दीतला माणूस उभा. मग एक दिवस त्याच गिगची टेप हाती लागली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात गिटार बंद पडते, ड्रमर थोडा वेळ एकटाच बडवत राहतो आणि मग माझाच आवाज येतो: "अरे थांब, अँपचा फ्यूज गेला." पुढचं मिनिटभर कुणीतरी स्क्रूड्रायव्हर मागतंय. पोलिसांचा पत्ताच नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी वस्तू गोळा करायच्या, माणसांशी बोलायला त्यानंतर बसायचं. तुम्हालाही तुमच्या गावातल्या, तुमच्या वेळच्या हार्डकोर (म्हणजे आणखी वेगवान, कडक पंकच्या) सीनची, तिथल्या बँडची आणि माणसांची नोंद करायची असेल, तर याच क्रमाने जा.

वस्तू कुणाकडे मिळतात

गायकाकडे काहीही नसतं. (आमच्या गायकाकडे तर स्वतःच्या बँडचा डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंगसुद्धा नव्हतं.) दारावर पैसे घेणारा, फ्लायरच्या झेरॉक्स काढून आणणारी, गाडी चालवणारा, पुढच्या रांगेत कॅमेरा घेऊन चेंगरणारी, अशांना आधी गाठा. त्यांच्या माळ्यावर बुटांचा एक खोका नक्की असतो. त्यात टेप, फ्लायर, झीन (घरीच काढलेली छोटी मासिकं), बुटाचा ठसा उमटलेली सेटलिस्ट (गाण्यांच्या क्रमाची चिठ्ठी), निगेटिव्ह असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातलं काय महत्त्वाचं हे तिथे उभं राहून ठरवू नका, सगळंच घ्या. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हिशेबाच्या एका वहीचा. प्रत्येक गिगला किती माणसं आली याच्या चार उभ्या, एक आडवी अशा रेघा, आणि खाली कोणत्या बँडला किती दिले ते. 'त्या रात्री तीनशे जण होते' असं सगळे शपथेवर सांगतात, त्या रात्रीच्या रेघा एक्केचाळीस भरतात.

खोका घेताना कुणाकडून काय घेतलं याची यादी करा, तिचा फोटो त्यांना पाठवा, आणि वस्तू परत द्यायच्या का हे तेव्हाच ठरवून घ्या. यावरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

टेप

इथे घाई केलीत तर कायमचं नुकसान होतं, म्हणून सावकाश. मिळालेली टेप ऐकायची हुक्की येते आणि माणूस ती कुठल्या तरी जुन्या प्लेअरमध्ये कोंबतो. तो प्लेअर ती चघळतो. तसं करू नका. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून पाहा: फीत सरळ गुंडाळली आहे का, बुरशीचे पांढरे डाग आहेत का. मधला फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का तेही बघा. त्याचा गोंद वाळतो, तुकडा गळून पडतो आणि आवाज मंद होतो. असं झालं असेल तर चांगल्या, स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवता येते. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, नव्वदची १२ आणि एकशेवीसची जेमतेम ९. एकशेवीसची कॅसेट दिसली की मी हात धुऊन, श्वास रोखून बसतो.

डेक चांगला हवा. हेड आणि रबरी रोलर साफ करून घ्या. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. मग अॅझिमथ. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यावर हेडचा कल ठरतो. तुमच्या टेपा दहा वेगवेगळ्या, बहुतेक बिघडलेल्या मशिनवर रेकॉर्ड झाल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक टेपचा कल वेगळा. आवाज मोनो करा, हाय-हॅटवर (ड्रमच्या जोडझांजेवर) कान ठेवा आणि स्क्रू अगदी किंचित फिरवा. एका जागी येताच धुकं उठल्यासारखी झांज उघडते. आमच्या पहिल्या डेमोत सिंबल आहेत हे मला त्या दिवशी कळलं. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करण्याचं बटण मात्र बंद, टेपवर तसं लिहिलेलं असेल तरच चालू.

कॉम्प्युटरवर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण दोन जीबी लागतात, लागू द्या. ही मूळ फाइल. तिच्यावर खरखर कमी करणं, आवाज वाढवणं, काहीही करायचं नाही. जे सजवायचं ते तिच्या कॉपीवर. आणि दोन गाण्यांमधली बडबड कापू नका! गाणी मिनिटा-दीड मिनिटाची, बाकी वेळ शिवीगाळ, ट्यूनिंग आणि सूचना. 'पुढच्या शनिवारी इथेच', 'कुणाची तरी चावी सापडली आहे', असल्या वाक्यांवरून मी तीन टेपांच्या तारखा लावल्या.

एक टेप अशी निघाली की सगळं रेंगाळत, जडशीळ वाजत होतं, आणि दुसरी बाजू उलटी. फेकून देणार होतो. ती फोर-ट्रॅकची मास्टर होती, म्हणजे चार वेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं मूळ रेकॉर्डिंग. टॅस्कॅम कंपनीने १९७९ मध्ये पहिला पोर्टास्टुडिओ, म्हणजे घरी वापरायचं फोर-ट्रॅक कॅसेट मशीन काढलं, आणि त्यानंतर असंख्य बँडनी घरातच डेमो केले. हे मशीन साध्या कॅसेटवर चारही ट्रॅक एकाच दिशेने घेतं, बऱ्याच मॉडेलवर दुप्पट वेगाने. म्हणून साध्या डेकवर पहिल्या बाजूला दोन ट्रॅक अर्ध्या वेगाने येतात आणि दुसऱ्या बाजूला उरलेले दोन उलटे. तसं मशीन उसनं मिळवा. आम्हाला मिळालं, आणि गाण्यात कधीच न वापरलेला दुसरा आवाज सापडला: आमच्या गिटारवालीचा. तिला स्वतःला तो आठवत नव्हता.

कॅसेट म्हणजे नंतर येणाऱ्या रेकॉर्डची कच्ची प्रत, असं समजू नका. बॅड ब्रेन्स या अमेरिकन हार्डकोर बँडचा पहिला अल्बम १९८२ मध्ये आरओआयआर या लेबलने फक्त कॅसेटवर काढला होता. बहुतेक छोट्या सीनमध्ये कॅसेटनंतर काही निघालंच नाही.

फ्लायर आणि झीन

रंगीत स्कॅन करा, फ्लायर काळा-पांढरा असला तरी. ६०० डीपीआय, टिफ, कडा न कापता, दोन्ही बाजू. मागच्या बाजूला कुणीतरी दिशा, शिव्या किंवा सेटलिस्ट लिहिलेली असते. झेरॉक्सची शाई मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीला चिकटते आणि वर्षांनी अख्खं अक्षर पिशवीवर उतरतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्या. चिकटपट्टी ओढून काढायला जाऊ नका.

फ्लायरवर वार असतो, तारीख असते, साल कधीच नसतं. तेव्हा पुढच्या आठवड्यापलीकडचा विचार कोण करत होतं! पण वार आणि तारीख जुळते अशी सालं मोजकीच. शुक्रवार, १२ जून हवा असेल तर १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८, मधे दुसरं साल नाही. मग त्या फ्लायरवरचा एखादा बँड कधी सुरू झाला, कधी फुटला एवढं कळलं की बहुतेक वेळा एकच साल उरतं.

हे सगळं एका तक्त्यात भरा: तारीख, जागा, बँड कोणत्या क्रमाने, पुरावा काय. शेवटचा रकाना भरवशाचा, त्यात तीनच शब्द: ठाम, बहुधा, ऐकीव. पोलिसांचा किस्सा मी 'ऐकीव' म्हणून ठेवला आहे. ऐकवणारा मीच.

माणसं

आता गप्पा. प्रत्येकाशी आधी एकेकट्याने बोला. चौघे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट खरी ठरते. 'तेव्हाचा काळ कसा होता?' असं विचारलंत तर ठोकळेबाज भाषण मिळेल. त्याऐवजी फ्लायर समोर ठेवा आणि विचारा: हा अँप कुणाचा होता? घरी परत कसे गेलात? हे नाव खोडलंय ते का? टेप लावा आणि गप्प बसा.

नकोसे प्रश्नही विचारा. आमच्या पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या नाचात, एकाचं नाक मोडलं, त्यावर आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्यानंतर मी कधी आलोच नाही, तुमच्या लक्षात तरी आलं का?" आलं नव्हतं. मुलींना विचारलं तर दोघींनी एकच सांगितलं: अर्धा वेळ पोरांची जॅकेटं सांभाळत भिंतीला टेकून उभ्या असायच्या. हे लिहून ठेवा, पहिल्या डेमोच्या तारखेइतक्याच काळजीने.

परवानग्या दोन घ्या, बोलणं रेकॉर्ड करायची वेगळी आणि लोकांसमोर ठेवायची वेगळी.

लोकांसमोर ठेवताना

मोठी उदाहरणं पाहून दबून जाऊ नका. डिस्कॉर्ड हे लेबल १९८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू झालं ते फुटलेल्या एका बँडची रेकॉर्ड काढायला. त्याच लेबलने २०११ पासून फुगाझी या बँडच्या आठशेहून जास्त कार्यक्रमांची रेकॉर्डिंग खुली करायला घेतली, कारण त्या बँडचे साउंड इंजिनिअर नेमाने टेप चालू ठेवायचे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातही २०१४ पासून पंकचा संग्रह आहे. आमच्याकडे साउंड इंजिनिअर म्हणजे जो प्लगच्या जवळ उभा असेल तो. तरी बावीस टेपा निघाल्या.

फ्लायरवर घरचे फोन नंबर असतात. लोकांना दाखवायच्या प्रतीवर ते झाका, मूळ स्कॅनमध्ये राहू द्या. फोटोतली पोरं तेव्हा सतरा वर्षांची होती. कुणी 'काढ' म्हटलं की कारण न विचारता काढा. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

आणि दुरुस्त्या येतील. मी एका टेपला नाव देऊन सगळी गाणी लावली, आणि वर्षभराने त्या बँडच्या बेसवाल्याचा निरोप आला: "चौथं गाणं आमचं नाही. पण भारी आहे, कुणाचं रे?" मी पुन्हा ऐकलं. स्नेअर वेगळा, आवाज वेगळा, शेवटी कुणीतरी खोकतं. तक्त्यात आता तिथे 'अनोळखी बँड' लिहिलं आहे, आणि ते पन्नास सेकंदांचं गाणं मी भेटेल त्याला ऐकवत सुटलो आहे.