हार्ड डिस्क गेली, आता फोटोशॉप-लाईटरूमचं कुठलं व्हर्जन टाकायचं?

हार्ड डिस्क उडाली की सल्ले देणारे लगेच जमतात. एक म्हणतोय डायरेक्ट लेटेस्ट टाक, दुसरा म्हणतोय फोटोशॉपचं जुनं सीएस ६ च बरं होतं बघ, हलकं चालतंय, लॉगिन-बिगिन काय नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे खरं, दोघांनीही एक गोष्ट विचारलेली नसते, ती म्हणजे गेलेल्या डेटातनं वाचलंय काय काय? कुठलं व्हर्जन टाकायचं हे वाचलेल्या फायलींवर ठरतंय, त्यामुळं आधी त्या बघा आणि मग इन्स्टॉलरला हात लावा.

त्याच्याही आधी एक. ज्या डिस्कवरनं डेटा गेलाय तिच्यावर काहीही इन्स्टॉल करू नका, विंडोज पण नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पण नाही. डिलीट झालेली फाईल नवीन काहीतरी तिच्यावर लिहिलं जाईपर्यंतच तिथं असते, आणि फोटोशॉप टाकताना काही जीबी एका झटक्यात लिहिले जातात. दुसरी डिस्क घ्या, तिच्यावर सगळं टाका, जुनी नुसती जोडून फोटोरेक चालवा (गेलेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि निघालेला माल तिसऱ्या ठिकाणी काढा. एसएसडी असेल तर जास्त आशा ठेवू नका, ट्रिम (डिलीट केलेली जागा लगेच मोकळी करणारी सोय) चालू असलं की डिलीट केलेलं बहुतेक कायमचंच जातंय. आणि २०१९ किंवा २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी दुकानात शिरून डिस्क भिजली असेल तर ती वाळली म्हणून करंट देऊन बघायची नाही, खोलायची पण नाही, सरळ रिकव्हरीवाल्याकडं.

आता वाचलेल्या मालात काय शोधायचं. लाईटरूमवाल्यांनी पहिल्यांदा कॅटलॉग शोधा, म्हणजे .एलआरकॅट (.lrcat) फाईल. लय जणांचा समज असतोय की फोटो कॅटलॉगमध्ये असतात. नसतात. कॅटलॉगमध्ये फक्त एडिट, रेटिंग, कीवर्ड आणि फोटो कुठल्या फोल्डरला आहे तो पत्ता असतोय. फोटो पेन ड्राईव्हवर वाचले आणि कॅटलॉग गेला तर सगळं कलर करेक्शन परत पहिल्यापासनं. उलटं झालं, म्हणजे कॅटलॉग राहिला आणि रॉ (कॅमेऱ्यातनं आलेल्या मूळ फायली) गेले, तर बाजूचा प्रीव्ह्यूजचा फोल्डर फेकू नका, स्मार्ट प्रीव्ह्यू (फोटोच्या छोट्या कॉप्या) बनवलेले असतील तर ते लांब बाजूला २५६० पिक्सेलचे असतात, अल्बमच्या छोट्या चौकटीत खपून जातात. बॅकअप्स नावाच्या फोल्डरमध्ये झिप केलेले जुने कॅटलॉग पण सापडतात. आणि कॅटलॉग हा आतनं एसक्यूलाईट डेटाबेस असतोय, त्यामुळं फोटोरेकनं काढलेल्या ढिगात .एसक्यूलाईट नावाच्या मोठ्या फायली दिसल्या तर त्यातली एखादी कॉपी करून तिचं एक्स्टेन्शन बदलून बघायला काय जातंय.

मग व्हर्जन ओळखायचं. कॅटलॉगच्या नावातच बऱ्याचदा शेवटी व्ही१२, व्ही१३ असं असतंय, तो आकडा म्हणजे लाईटरूम क्लासिकचं (लाईटरूम ६ नंतरचं सबस्क्रिप्शनवालं लाईटरूम) व्हर्जन. नियम एकदम सरळ आहे, जुना कॅटलॉग नवीन व्हर्जनमध्ये उघडतोय, नव्याचा जुन्यात उघडत नाही. त्यामुळं व्ही१३ लिहिलेलं असेल तर १३ किंवा त्याच्या पुढचंच टाकायला पाहिजे, लाईटरूम ६ ची जपून ठेवलेली सीडी तिथं काय कामाची नाही.

कॅटलॉगच नाही, फायलींची नावं पण उडालीत, तर माझी आवडती युक्ती सांगतो. कस्टमरला दिलेला एखादा जेपीजी शोधा, कुठल्या तरी पेन ड्राईव्हवर, नाहीतर लॅबला मेल केलेला. त्याच्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली ओरिजिनमध्ये प्रोग्राम नेम बघा. तिथं सरळ लिहिलेलं असतंय, अडोबी फोटोशॉप लाईटरूम ६.१४ विंडोज, किंवा फोटोशॉप सीएस ६, जे असेल ते. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलेला घेऊ नका, त्यातली ही माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला चालतोय.

रॉ फायलींच्या शेजारी .एक्सएमपी असतील तर नशीबवान आहात, एडिट त्यात पण असतात. एखादी नोटपॅडमध्ये उघडा आणि प्रोसेस व्हर्जन (एडिट कुठल्या पद्धतीचं आहे तो आकडा) शोधा. ६.७ असेल तर २०१२ च्या पद्धतीचं एडिट आहे, लाईटरूम ६ मध्ये पण जसंच्या तसं दिसेल. ११.० असेल तर लाईटरूम क्लासिक ८ म्हणजे ऑक्टोबर २०१८ च्या पुढचंच पाहिजे, आणि १५.४ असेल तर त्याच्याही बरंच पुढचं. हे न बघता जुनं टाकलं तर फोटो उघडतील खरं, कलर वेगळे आणि मास्क गायब, आणि मग तुम्ही बसणार मॉनिटरला शिव्या घालत.

फोटोशॉपवाल्यांचं जरा सोपं आहे, पीएसडी (फोटोशॉपची लेअरवाली फाईल) सहसा उघडतेच. नवीन व्हर्जनमध्ये बनवलेली अल्बमची १२ बाय ३६ ची शीट सीएस ६ मध्ये उघडली तर मेसेज येतो की यात अनोळखी डेटा आहे, लेअर ठेवायच्या असतील तर तो डेटा टाकून देतो, नाहीतर फ्लॅटन करतो, म्हणजे सगळ्या लेअर एक. तिथं घाईत ओके करून वरनं सेव्ह मारायचं नाही, आधी कॉपी काढा.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. आपल्याकडं अल्बमच्या पहिल्या पानावर चि. आणि चि. सौ. कां. असतंयच. फोटोशॉप ७ सारख्या जुन्या व्हर्जनमध्ये युनिकोड मराठी (मोबाईलवर, नेटवर असतंय ते) पेस्ट केलं की चि ची वेलांटी च च्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात, म्हणून तर सगळे श्री-लिपी (युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट) वापरत आले. जुन्या शीटमध्ये श्री-लिपीचा मजकूर असेल तर व्हर्जन कुठलंही टाका, आधी तेच फॉन्ट टाका, आणि फॉन्ट मिसिंग दाखवत असेल तोवर त्या लेअरवर डबल क्लिक करू नका, नाहीतर कुलस्वामिनीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. नव्या व्हर्जनमध्ये युनिकोड नीट बसतंय, नाही बसलं तर पॅरेग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआऊट चालू करा.

कॅमेरा पण बघा. सीएस ६ आला २०१२ ला, त्याचा शेवटचा कॅमेरा रॉ (फोटोशॉपमधला रॉ उघडणारा भाग) ९.१.१. त्या अपडेटनंतर आलेल्या कॅमेऱ्याच्या रॉ त्यात उघडणार नाहीत. लाईटरूम ६ चं शेवटचं अपडेट ६.१४, डिसेंबर २०१७ चं, त्याची पण तीच कथा. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातनं रॉ बदलून जुन्यात घेता येतात, खरं एका लग्नाच्या दोन-तीन हजार फायली रोज कोण बदलत बसणार. नुसते पासपोर्ट फोटो आणि जुन्या फोटोंचे टच-अप असतील तर मात्र सीएस ६ भरपूर आहे, अर्थात स्वतःचा सिरीयल नंबर असेल तर. क्रॅक टाकायचा मोह डेटा गेल्यावर सगळ्यात जास्त होतोय आणि त्याच वेळी तो सगळ्यात महाग पडतोय, कारण रिकव्हर केलेला सगळा माल त्याच पीसीला जोडलेला असतोय आणि क्रॅकमधनं काय आत येईल कुणाच्या बापाला माहीत.

सबस्क्रिप्शन असेल तर अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाऊड अ‍ॅपमध्ये प्रोग्रामच्या शेजारच्या तीन टिंबांवर जावा, अदर व्हर्जन्स दिसेल, तिथं आदल्या वर्षीचं पण मिळतंय, फार मागचं नाही. मेलेल्या पीसीवरचं लॉगिन अडवत असेल तर साईन इन करतानाच तिकडनं साईन आऊट करायचा पर्याय येतो. सबस्क्रिप्शन संपलेलं असलं तरी लाईटरूम क्लासिक उघडतंय, फोटो बघता आणि एक्सपोर्ट करता येतात, डेव्हलप आणि मॅप बंद. नुसता जुना डेटा काढायचा असेल तर तेवढं पुरतंय, लगेच पैसे भरायची गरज नाही. फोटोशॉपसारखं फुकटातलं गिंप ३.० मार्च २०२५ ला आलंय, चांगलंय, फक्त २.१० चे जुने प्लगिन त्यात चालत नाहीत, तेव्हा तुमचं काम प्लगिनवर असेल तर २.१० च परत टाका.

टाकून झालं की कॅटलॉगची एक कॉपी बाजूला ठेवूनच पहिल्यांदा उघडा. अपग्रेड करू का विचारेल, करा, जुना तसाच राहतोय, फक्त नंतर नव्यात केलेलं काम जुन्यात जाणार नाही. फोटो आधी ई ड्राईव्हला होते तर नव्या डिस्कला पण डिस्क मॅनेजमेंटमधनं ई हेच अक्षर द्या आणि फोल्डरची नावं तीच ठेवा, मग कॅटलॉग आपोआप सगळं ओळखतोय. तरी फोल्डरवर प्रश्नचिन्ह आलंच तर सगळ्यात वरच्या फोल्डरवर राईट क्लिक करून फाईंड मिसिंग फोल्डर करा, खालचे सगळे एकदम जुळतात, एकेक फोटो शोधत बसायला लागत नाही.