मुदतवाढ मिळाली? आधी मोजायचा टेप काढा

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या गावात तुमचं जुनं घर भाड्याने दिलेलं आहे आणि 'ग्रँडफादर्ड' त्रुटींची, म्हणजे बांधलं तेव्हा नियमात बसणाऱ्या पण आजच्या नियमात न बसणाऱ्या गोष्टींची, नोंद करायची मुदत पालिकेने वाढवली आहे, तर फाइल पुन्हा कपाटात टाकू नका. मोजायला तळघरातल्या बेडरूमपासून सुरुवात करा, कारण इन्स्पेक्टरची नजर बहुधा तिथेच जाते. आजच्या प्रमाण निवासी संहितेनुसार सुटकेच्या (आग लागली तर बाहेर पडायच्या) खिडकीची मोकळी जागा साधारण ५.७ चौरस फूट लागते आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच चालत नाही. शंभर वर्षांच्या घरात हे कुठून जमणार! फोटो काढताना टेप खिडकीला लावूनच काढा, आकडा वाचता आला पाहिजे.

'आम्ही घेतलं तेव्हापासून असंच आहे' एवढ्यावर सहसा भागत नाही. बांधलं तेव्हा ते नियमात बसत होतं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी जुने बांधकाम परवाने आणि असेसरचं कार्ड (मालमत्ता कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडची घराची नोंद) मागवा. एका घरात दोन बिऱ्हाडं असतील, तर गावच्या ग्रंथालयातली जुनी सिटी डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची नावं-पत्ते असलेली वही, चाळा. एकाच पत्त्यावर दोन कुटुंबं सापडली की काम सोपं होतं. त्या काळी इमारती कशा होत्या हे दाखवणारे सॅनबॉर्न कंपनीचे जुने विमा-नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

स्मोक अलार्मला मात्र जुनेपणाची सवलत सहसा नसते, ते लगेच बसवा. आणि नोंद होईपर्यंत नियमात न बसणाऱ्या जिन्याला किंवा खिडकीला हात लावू नका. बदल केला की बहुतेक ठिकाणी नवे नियम लागू होतात.