यूएसबी पोर्टवर लोड येतोय? मग आधी या चुका थांबवा

"पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट" असा मेसेज आला की लोकं सगळ्यात आधी काय करतात, तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला पोर्ट चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, उडवतात. मग नवीन ड्रायव्हर, मग विंडोज अपडेट, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की सरळ फॉरमॅट. ठाण्यात मी रिपेअरिंगचं काम करतो आणि दर आठवड्याला असा एकतरी पीसी टेबलावर येतोच, त्यात विंडोज नवीकोरी आणि प्रॉब्लेम जसाच्या तसा. अहो, पोर्टमधून करंट जास्त खेचला जातोय, त्याला ड्रायव्हर काय करणार?

हिशोब साधा आहे. यूएसबी 2.0 चा पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँप देतो, 3.0 चा 900. टाइप-सी पोर्ट दीड किंवा 3 अँपपर्यंत देऊ शकतो, पण सगळेच देतात असं नाही. यापेक्षा जास्त मागितलं तर पोर्ट स्वतःला वाचवायला करंट तोडतो.

आता माझा सगळ्यात मोठा राग, अडॅप्टर नसलेला स्वस्तातला चार पोर्टचा हब, म्हणजे एका पोर्टचे चार करणारा डबा. चार भोकं आहेत म्हणजे चौपट करंट मिळेल असं लोकांना वाटतं. मिळत नाही! 2.0 चा हब धरला तर पीसीच्या ज्या एकाच पोर्टला तो लावलाय त्याचे 500 मिलिअँप येतात, त्यातले 100 पर्यंत हबसाठी धरलेले असतात आणि उरलेले चारात वाटायचे, म्हणजे नियमाप्रमाणे एकेका पोर्टला फक्त 100. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह ठीक आहे, पण पोर्टेबल हार्डडिस्क फिरायला सुरुवात करतानाच एक अँपच्या आसपास खेचू शकते.

घोडबंदर रोडचा एक मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या हबला हार्डडिस्क, कार्डरीडर आणि वर चार्जिंगला मोबाईल. डिस्क टक् टक् आवाज करायची, कॉपी अर्ध्यात तुटायची. त्याने कुठेतरी वाचून चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, चालवलं, तेही त्याच हबवर, आणि ते चालू असतानाच डिस्कचं कनेक्शन परत तुटलं. माझ्याकडे आणली तेव्हा हळदीच्या फोल्डरच्या जागी फाउंड.000 नावाचा फोल्डर आणि आत नुसत्या सीएचके फाइल्स, म्हणजे चेकडिस्कने गोळा केलेले नाव हरवलेले तुकडे. कार्डं तोवर पुढच्या ऑर्डरसाठी रिकामी करून झालेली. मी तीच डिस्क पीसीच्या मागच्या बाजूच्या पोर्टला, तिच्याच छोट्या केबलने लावली तर एकदाही आवाज नाही, तुटणं नाही. डिस्क ठणठणीत होती हो, तिला फक्त पुरेसा करंट मिळत नव्हता. बरेचसे फोटो परत मिळाले, सगळे नाही, आणि त्या नवरीच्या घरी काय सांगायचं हे त्या पोराला सुचेना. म्हणून सांगतो, डिस्क टकटकायला लागली की आधी हबमधून काढा, थेट पीसीला लावा, तरीही आवाज आला तर डिस्क बंद करा आणि कॉपी, स्कॅन, रिपेअर काही म्हणजे काही चालवू नका.

दुसरी चूक, काहीच लावलेलं नसताना वॉर्निंग येते तेव्हा मदरबोर्ड गेला म्हणून मोकळं होणं. काही बोर्डांवर "ओव्हर करंट डिटेक्टेड" दाखवून पीसी 15 सेकंदात बंद होतो. माझी सवय अशी, आधी टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात बघायचं. पेनड्राइव्ह उलटा दाबून दाबून आतली पिन वाकलेली असते, ती पत्र्याला टेकते आणि शॉर्ट होतो. ऐरोली, कोपरखैरणेसारख्या खाडीकडच्या घरांतून तर पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढलेली मशीन येतात. पीसी बंद करून, प्लग काढून, पुढच्या पोर्टची वायर बोर्डावरून उपसा आणि परत चालू करा. वॉर्निंग गेली तर दोष त्या पोर्टात किंवा वायरीत, बोर्ड विकत घ्यायची घाई कशाला?

बाकीच्या पटापट सांगतो. पंखा, कप गरम ठेवायची प्लेट, मोबाईल, यांना भिंतीवरचा चार्जर द्या. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, डिस्कला तिच्यासोबत आलेलीच वापरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारे मिलिअँप मोजलेले नसतात, डिव्हाइसने स्वतः सांगितलेले असतात, त्यावर विसंबू नका, खरं बघायचं तर छोटा यूएसबी मीटर मधे लावा. आणि ती वॉर्निंगच बंद करून टाकायची ट्रिक कोणी सांगितली तर कृपा करून ऐकू नका.

शोधायची पद्धत माझी एकच. सगळं काढायचं, पीसी पूर्ण बंद करून थोडा वेळ ठेवायचा, मग एकेक वस्तू लावायची आणि प्रत्येकीनंतर थांबायचं. हे थांबणंच नवीन पोरांना जमत नाही, तिघं एकदम लावतात आणि मग कोणामुळे झालं ते कळत नाही. हब लागणारच असेल तर स्वतःचा 5 व्होल्टचा अडॅप्टर असलेला घ्या, आणि घेताना एक बघा, पीसी बंद असताना हबचा अडॅप्टर चालू ठेवला आणि पीसीचा लाइट मिणमिणला किंवा पंखा हलला, तर तो हब उलटा पीसीकडे करंट सोडतोय, लगेच दुकानात परत द्या.