गवती चहाचं तेल घरच्या कुकरमध्ये

गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्राल या द्रव्याचा. तेलात साधारण 70 ते 80 टक्के तेच असतं. पाती दुपारी कापून सावलीत पसरा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात अर्धा दिवस पुरे, पावसाळ्यात पूर्ण दिवस.

10 लिटरच्या कुकरमध्ये 2 लिटर पाणी, वर जाळी, जाळीवर बोटभर लांबीचे 2 किलो तुकडे. दाबून भरू नका: वाफ एकाच वाटेने निसटते, बाकी पाला कोराच राहतो. शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी घट्ट बसवा. भांडी बाजाराच्या आसपास चौकशी केली तर वेटोळं करून मिळेल. रबरी नळी तेल पिते. पाला नळीच्या तोंडाशी आला तर दाब वाढेल, म्हणून वर चार बोटं जागा ठेवा.

वेटोळं गार पाण्याच्या बादलीत बुडवा. नळीच्या टोकातून पडणारे थेंब भांड्यात धरा; ते कोमट पडू लागले की समजा, वास हवेत चाललाय. लगेच बादलीतलं पाणी बदला. मंद आचेवर दीड तासात भांड्यात साचलेल्या पाण्यावर तेलाचा पिवळसर थर दिसेल, 4 ते 8 मिली. थोडंच, पण अस्सल. सिरिंजने उचला, तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. हवा लागली तर सिट्राल बिघडतं, वास उग्र होतो.

अंगाला नुसतं लावू नका, आग होते. 30 मिली खोबरेल तेलात 3 थेंब, बास.